झोपेच्या गोळीआधी संगणकाची घरघर थांबवा

“डॉक्टर, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, एखादी गोळी द्या,” ही ज्येष्ठांची नित्याची तक्रार. गोळी लिहिण्यापूर्वी झोपण्याच्या खोलीची चौकशी करणे मला आवश्यक वाटते. लहान घरांत आजोबांची खाट आणि नातवाचा संगणक पुष्कळदा एकाच खोलीत असतात. त्या संगणकातील, जुनी छायाचित्रे साठवलेली जादा हार्ड डिस्क कोणी वापरत नसतानाही रात्रभर फिरत राहते.

हार्ड डिस्कमधील तबकड्या मिनिटाला सामान्यतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. म्हणजे सेकंदाला ९० किंवा १२०. त्यातून उमटणारी खर्जातील घरघर टेबलाच्या फळीतून अधिकच घुमते. वयोमानाने श्रवणशक्ती मंदावते तेव्हा प्रथम उंच पट्टीचे स्वर हरपतात. खर्जातील आवाज बहुधा ऐकू येतच राहतात. म्हणून ‘आजींना कमी ऐकू येते, त्यांना कसला त्रास?’ हा समज बरोबर नाही. शिवाय उतारवयात झोप सावध होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये शयनगृहातील अखंड आवाजासाठी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे.

उपाय सोपा आहे. रात्री संगणकाचे काम नसेल, तर तो रीतसर बंद करावा. चालू ठेवणे भागच असेल, तर विंडोजच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मधील प्रगत सेटिंगमध्ये ‘हार्ड डिस्क’ या शीर्षकाखाली, किती मिनिटांनी डिस्क थांबवायची ते ठरवता येते. वीस मिनिटे पुरेशी आहेत. फार कमी वेळ ठेवल्यास डिस्क वारंवार थांबून सुरू होते व झिजते. ज्या डिस्कवर विंडोज आहे ती सहसा थांबत नाही. जादा डिस्क मात्र शांत होते. पुन्हा वापरताना ती काही क्षण उशिरा उघडेल, त्याने घाबरू नये. बाहेरून जोडलेली डिस्क ‘इजेक्ट’ करूनच काढावी. एकदम ओढल्यास माहिती बिघडू शकते. डिस्क ‘टक् टक्’ वाजत असेल, तर आधी छायाचित्रांची प्रत काढून घ्यावी. एवढे करूनही घरघर राहिली, तर पंख्यातील धूळ तपासावी.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आवाज करतो म्हणून ऑक्सिजनचे किंवा श्वसनास साहाय्य करणारे यंत्र कधीही बंद करू नये. ज्यांच्या कानात सतत नाद घुमतो, त्यांना संपूर्ण शांतता जाचक वाटू शकते. त्यांच्यासाठी छताच्या पंख्याचा मंद आवाज राहू द्यावा.

झोपेच्या गोळ्यांमुळे वृद्धांचा रात्री तोल जातो, मनाचा गोंधळ उडतो, पडून खुब्याचे हाड मोडते. म्हणून प्रथम खोली शांत करावी. तरीही दोन-तीन आठवड्यांत फरक न पडल्यास वेदना, रात्रीची लघवी, घोरणे किंवा खिन्नता यांसाठी तपासणी करून घ्यावी. आधीपासून चालू असलेली गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकाएकी थांबवू नये.