नोव्हेंबरातील चौथा गुरुवार

नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेतील कचेऱ्या आणि शाळा बंद राहतात, आणि एरवी आईबापांपासून हजार-दीड हजार मैलांवर नोकरीनिमित्त पांगलेली मुले विमान, आगगाडी, मोटार, जे वाहन मिळेल त्याने संध्याकाळच्या आत घर गाठण्याची शिकस्त करतात. नाताळ ख्रिस्ती धर्मीयांचा आणि जुलैची चौथी तारीख राष्ट्राची. परंतु 'थँक्सगिव्हिंग' हा आभारदिन मुख्यतः कुटुंबाचा, आणि त्याचा बहुतेक विधी भोजनाच्या टेबलाभोवतीच पार पडतो. त्याला पुरोहित लागत नाही आणि भेटवस्तूंचा व्यवहारही नसतो, ही या सणाची मला सर्वांत पटलेली गोष्ट.

गृहिणीची लगबग मात्र सोमवारपासूनच सुरू होते. कारण सात किलो वजनाचा गोठवलेला टर्की पक्षी फ्रीजमध्ये नरम पडायला तीनएक दिवस घेतो आणि भट्टीत भाजायला चारएक तास, आणि ऐनवेळी तो आतून कच्चा निघाला तर वर्षभराची चेष्टा पदरी येते. बटरबॉल नावाची टर्की विकणारी कंपनी १९८१ पासून अशा धास्तावलेल्या स्वयंपाक्यांना फोनवरून सल्ला देत आली आहे. शिळ्या पावाचे तुकडे, कांदा, सेलरी आणि सेजची पाने यांचे सारण, क्रॅनबेरीचे आंबटगोड तोंडीलावणे, घोटलेला बटाटा आणि शेवटी लाल भोपळ्याची 'पाई', हा बेत पिढ्यान् पिढ्या फारसा बदललेला नाही. पक्षी कापण्याचा मान बहुधा घरातील वडीलधाऱ्याचा. पोरांसाठी निराळे बुटके टेबल. आणि छातीचे दुबेळके हाड सुकवून दोन मुलांनी ओढायचे, मोठा तुकडा ज्याच्या हाती येईल त्याची इच्छा फळते.

हा पक्षी मूळचा अमेरिकेचा असला तरी आपल्या मुलखाला तो अपरिचित नव्हता. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याच्या बंदरातून काही अद्भुत प्राणी दरबारी रवाना केले, त्यांत हा टर्की होता. त्याच्या मस्तकाचे आणि मानेचे रंग घडोघडी बदलताना पाहून चकित झालेल्या बादशहाने ते आपल्या आत्मवृत्तात नोंदवले आणि उस्ताद मन्सूराने त्याचे जे चित्र रंगवले ते आज लंडनच्या संग्रहालयात आहे.

भोजनापूर्वी, वा भोजन चालू असता, प्रत्येकाने पाळीपाळीने आपण या वर्षी कशाबद्दल ऋणी आहोत हे मोठ्याने सांगायचे, अशी अनेक घरांत रीत आहे. आजीबाई इतक्या विस्ताराने बोलतात की रस्सा निवतो, आणि पंधरा वर्षांचा नातू 'सगळ्यांबद्दल' एवढे पुटपुटून ताटाकडे वळतो. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानणे हे परकेपणाचे लक्षण समजतात, त्यामुळे हा प्रकार मराठी माणसाला प्रथमदर्शनी कृत्रिम वाटतो; परंतु ज्या स्त्रीने तीन दिवस भट्टीशी झुंज दिली तिला वर्षातून एकदा तरी ते शब्द ऐकू येतात, यात मला तरी काही वावगे दिसत नाही.

आता इतिहासाकडे. 'मेफ्लॉवर' जहाजातून १६२० च्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथला उतरलेल्या १०२ प्रवाशांपैकी सुमारे निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. उरलेल्यांना मका कसा पेरावा हे तिस्क्वांतम नावाच्या स्थानिकाने शिकवले, ज्याला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकले होते आणि जो परत येऊन पाहतो तो त्याचे गाव साथीने निर्मनुष्य झालेले. १६२१ च्या सुगीत मेजवानी झाली. तिला वाम्पानोग या तिथल्या मूलनिवासी जमातीचा नायक मॅसासॉइट नव्वदएक माणसांनिशी आला आणि त्याच्या लोकांनी पाच हरणे मारून आणली, असे एडवर्ड विन्स्लो याने एका पत्रात लिहून ठेवले आहे. तीन दिवसांच्या या रांधपाला वसाहतीत चारच विवाहित स्त्रिया जिवंत उरल्या होत्या, हे सहसा कोणी सांगत नाही. त्या मेजवानीला 'पहिला आभारदिन' ही पदवी मिळाली तीही १८४१ मध्ये, एका ग्रंथाच्या तळटिपेत.

सण राष्ट्रव्यापी झाला तो एका संपादिकेच्या तगाद्यामुळे. पाच मुलांना घेऊन अकाली विधवा झालेल्या सारा जोसेफा हेल यांनी आपल्या १८२७ च्या कादंबरीत या भोजनाला एक संपूर्ण प्रकरण दिले, आणि पुढे 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाच्या गादीवरून वर्षानुवर्षे गव्हर्नरांना आणि एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना अर्ज धाडले. अखेर यादवी युद्ध ऐन भरात असता ३ ऑक्टोबर १८६३ रोजी लिंकन यांच्या सहीचा जाहीरनामा निघाला आणि नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार मुक्रर झाला. परराष्ट्रमंत्री सिवर्ड यांनी मसुदा केलेल्या त्या जाहीरनाम्यात प्लिमथचे नावही नाही. त्यात विधवा, पोरकी मुले आणि शोकाकुल यांच्यासाठी प्रार्थना मात्र आहे. १९३९ मध्ये रूझवेल्ट यांनी नाताळची खरेदी लांबावी म्हणून सण एक आठवडा अलीकडे ओढला, निम्मी राज्ये रुसली, आणि १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार कायम झाला. व्यापाऱ्यांचा शिरकाव नवा नाही, एवढेच यावरून समजायचे.

प्लिमथच्या वसाहतवाल्यांनी मॅसासॉइटशी केलेला तह त्याच्या हयातीत टिकला. त्याचा मुलगा मेटाकॉम जमिनींच्या तंट्यातून १६७५ मध्ये लढायला उठला, पुढच्या वर्षी मारला गेला, आणि त्याचे शिर वीसहून अधिक वर्षे प्लिमथमध्ये खांबावर टांगलेले होते. १९७० मध्ये, जहाज उतरल्याच्या साडेतीनशेव्या वर्षी, वाम्सुट्टा फ्रँक जेम्स या वाम्पानोग गृहस्थाला भाषणाचे आमंत्रण आले. भाषण आधी वाचून पाहिल्यावर आयोजकांना ते रुचले नाही आणि ते व्हायचे राहिले. तेव्हापासून दरवर्षी आभारदिनाच्याच गुरुवारी प्लिमथच्या कोल्स टेकडीवर मूलनिवासी लोक जमतात आणि तो दिवस शोकदिन म्हणून पाळतात.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुले या सुमारास शाळेतून कागदी टोप्या आणि पिसे लावून येत असतील, तर आईबापांनी त्यांना पाच हरणांची हकीकत शेवटपर्यंत सांगावी. ज्या वयात आपण त्यांना अभिमन्यूचा वध ऐकवतो त्या वयात त्यांना मेटाकॉमही पेलेल. आणि सांगताना हेही विसरू नये की वाम्पानोग हे गतकाळचे लोक नव्हेत. मॅसॅच्युसेट्समध्ये मॅशपी आणि अक्विना येथे ते आजही नांदत आहेत.