स्तनशोथ व स्तनपान

स्तनदा मातेच्या स्तनातील ऊतकांस येणाऱ्या दाहयुक्त सुजेस स्तनशोथ म्हणतात. दूध साचून राहणे हे त्याचे नेहमीचे मूळ होय. स्तनाग्राच्या चिरांतून पुंजगोलाणू शिरल्यास जंतुसंसर्ग होतो. स्तनाचा एखादा भाग लाल, कठीण व दुखरा होतो. थंडी वाजून ताप येतो. दूध नासले असे समजून अंगावर पाजणे बंद करतात, ते चुकीचे होय. त्यामुळे दूध तुंबून विद्रधी (पुवाचे गळू) होण्याचा संभव वाढतो. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळास मात्र या दुधाने अपाय होत नाही. नेहमीप्रमाणे पाजत राहावे, थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, जोराने चोळू नये. एक-दोन दिवसांत उतार न पडल्यास वैद्याच्या सल्ल्याने प्रतिजैविके घ्यावीत. स्तनपानास बाधक नसलेली प्रतिजैविके उपलब्ध आहेत. गळू झाल्यास पू सुईने काढतात. तेव्हाही पाजणे बहुधा चालू ठेवता येते.

पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या मातेचे दूध तासन्‌तास अडते. प्रसूतिलाभ अधिनियमाने (१९६१) मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन विराम दिले. २०१७ च्या दुरुस्तीने ५० वा अधिक कामगारांच्या आस्थापनेस पाळणाघराची सक्ती केली. सामाजिक सुरक्षा संहितेतही (२०२०) या तरतुदी आहेत. मूल दूर घरी ठेवून येणाऱ्या स्त्रीस त्या विरामात दूध पिळून काढण्यासाठी निदान आडोशाची स्वच्छ जागा तरी लागते.