पॅडखाली काय चाललंय?

गुडघ्याला किंवा कमरेला ‘करंट लावून’ घेतलेलं माणूस आता प्रत्येक घरात सापडतं. चिकट पॅड, दोन वायरी, मुठीत मावेल असं टेन्स मशीन आणि मग मुंग्याच मुंग्या. पण एक विचार करून बघा. वायरीतून धावतात इलेक्ट्रॉन. शरीरात मात्र त्यांना तसं सुटं धावताच येत नाही. आपल्या अंगातली वीज म्हणजे खारट पाण्यातून सरकणारे सोडियमचे, क्लोराइडचे आयन. मग एका विजेची दुसरी वीज होते कुठे? पॅडवरच्या त्या बुळबुळीत जेलपाशी!

हा व्यवहार एकाच दिशेने चालू राहिला, तर एका पॅडखाली आम्ल साचेल आणि दुसऱ्याखाली अल्क. आच न लागताच कातडी भाजेल. म्हणून बहुतेक मशीन विजेचा एक ठोका पुढे देतात आणि लगेच तेवढाच उलटा फिरवतात. जमलेलं रसायन जागच्या जागी बरंचसं निस्तरतं. आणि ठोका केवढा? सेकंदाचे दहा हजार तुकडे केले, तर त्यातले जेमतेम एक-दोन!

एवढ्याशा ठोक्याने आधी जागे होतात स्पर्शाचे जाड मज्जातंतू. दुखण्याची खबर नेणारे बारीक तंतू ढिम्म असतात. कोपर आपटलं की आपण चोळतो ना? तेव्हाही हेच होतं. स्पर्शाची खबर मज्जारज्जूत पोचते आणि दुखण्याची वाट अडवते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये हे ‘गेट’ मांडलं. उपचार मात्र कितीतरी जुना. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस गाऊटच्या रोग्याला ओल्या किनाऱ्यावर, वीज सोडणाऱ्या जिवंत टॉर्पेडो माशावर पाय ठेवून उभं राहायला सांगे, पाय बधिर होईपर्यंत. माशाला करंट कमी-जास्त करायचं बटण नव्हतं, एवढाच फरक.

आता खरी गंमत. आजची बरीच मशीन ठरवलेला करंट काहीही करून पोचवतात. अडथळा वाढला, तर व्होल्टेज वाढवतात. पॅड पाच बाय पाच सेंटिमीटरचा, म्हणजे 25 चौरस सेंटिमीटर. जेल सुकलं, कडा सुटल्या आणि एकच चौरस सेंटिमीटर कातडीला चिकटून राहिला, तर? लोकलमधून उतरलेली सगळी गर्दी एकाच चिंचोळ्या जिन्यावर लोटावी, तसा सगळा करंट तिथूनच घुसणार. करंटची दाटी 25 पट. आणि उष्णता दाटीच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्या ठिपक्याखाली ती 625 पट! मशीन इमानेइतबारे काम करतंय, म्हणूनच चटका बसतो.

आता फिजिओथेरपिस्टच्या बारीकसारीक सूचना कटकटीच्या वाटणार नाहीत. आधी तेल, बाम, पावडर पुसून काढा. सुकलेला पॅड थुंकी लावून पुन्हा चिकटवू नका (हे सर्रास चालतं!), सरळ नवा आणा. पॅड सोलण्याआधी मशीन बंद करा, कारण सोलताना टेकलेली जागा क्षणाक्षणाला आकसते. छातीवर आरपार लावू नका. पेसमेकर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातच लावू नका. गळ्यावर पुढून तर नाहीच. तिथल्या धमनीत रक्तदाब मोजणारी मज्जातंतूंची टोकं असतात. ती चाळवली तर रक्तदाब चढलाय असं मेंदूला वाटतं आणि तो हृदयाची गती उतरवतो.

मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांचा प्रश्न आणखी नाजूक. करंट टोचतोय हे मशीनला कळत नाही, ते कळतं फक्त कातडीला. म्हणून चांगला फिजिओथेरपिस्ट पॅड लावण्याआधी रोग्याला डोळे मिटायला लावतो, कधी कापूस तर कधी टाचणीचं टोक टेकवतो आणि विचारतो, “आता काय लागलं?”