वेत

(सं. वेत्र, कुल-ॲरेकेसी, पामी). ताल कुलातील काटेरी, बहुधा आरोही वनस्पतींच्या गटास व त्यांच्या खोडांस वेत म्हणतात. जगात वेताच्या सु. ६०० जाती असून त्यांपैकी बहुसंख्य कॅलॅमस प्रजातीतील आहेत. त्यांचा प्रसार विषुववृत्तीय आफ्रिका, दक्षिण व आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलिया येथे आहे. भारतात पश्चिम घाट, ईशान्य भारत व अंदमान-निकोबार बेटे येथे वेत आढळतो.

वेताचे खोड बारीक, लवचिक व भरीव असल्याने स्वबळावर उभे राहू शकत नाही. काही जातींत पानाचा मुख्य अक्ष टोकाशी चाबकासारखा वाढतो. इतर काहींत पानाच्या आवरकापासून तसाच चाबूक निघतो. त्यावरील आकडे मागे वळलेले असल्याने ते फांदीत अडकतात व वेल वर चढतो. वेत आधारवृक्षाचा रस शोषत नाही. कॅ. मनान या जातीच्या खोडाची लांबी १७० मी.पेक्षा अधिक भरल्याची नोंद आहे.

लागवड बियांपासून करतात. नर व मादी झाडे भिन्न असल्याने बियांसाठी दोन्ही जवळपास असावी लागतात. बी वाळल्यास उगवणशक्ती लवकर नष्ट होते. म्हणून पक्व फळांवरील खवले व मांसल थर काढून ताजे बी सावलीतील ओलसर वाफ्यात पेरतात. रोपे पिशव्यांत वाढवून पावसाळ्याच्या आरंभी झाडांच्या जवळ लावतात. कोवळ्या रोपांस सावली आवश्यक असते. पुढे मात्र वरून पुरेसा उजेड न मिळाल्यास वाढ खुंटते. त्यामुळे दाट छत्र विरळ करावे लागते; मात्र आधारवृक्ष तोडून चालत नाही. सुरुवातीची काही वर्षे तण काढणे व जमिनीत ओलावा टिकविणे महत्त्वाचे असते.

खालच्या भागातील आवरके गळून पडली, म्हणजे खोड तोडणीस योग्य झाले असे समजतात. कॅ. सीझियस ही जाती बेटाने वाढते. ७ ते १० वर्षांनी पक्व खोडे तोडून कोवळे कोंब राखल्यास पुन्हा पीक मिळते. कॅ. मनान मात्र एकखोडी आहे. खोडाच्या टोकाशी असलेला वाढीचा एकमेव कोंब तोडणीत नष्ट झाल्याने सबंध झाड मरते. म्हणून तेथे पुनर्लागवड अपरिहार्य ठरते.

बोर्निओ बेटावरील कालिमांतान भागात वेताची लागवड १९व्या शतकापासून चालू आहे. तथापि व्यापारातील बहुतेक वेत नैसर्गिक जंगलांतूनच येतो. फळे धरण्यापूर्वीच खोडे तोडल्यास बीजसाठा संपतो आणि आधारवृक्ष गेल्यास उरलेले वेलही टिकत नाहीत. यामुळे वेताचे संवर्धन हे पर्यायाने जंगलाचेच संवर्धन होय.