प्रत्याघात, शिकारी रायफलीचा

रायफलीतून गोळी सुटताना नेमबाजाच्या खांद्यावर दस्त्याचा मागे बसणारा धक्का. शिकारीस नव्याने सुरुवात करणाऱ्या अल्पवयीन नेमबाजासाठी रायफलीचा अंतर्व्यास (कॅलिबर) व काडतूस निवडताना हा धक्का निर्णायक ठरतो.

संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार गोळी आणि जळालेल्या दारूचे वायू यांना पुढच्या दिशेने जेवढा संवेग मिळतो, तेवढाच रायफलीला मागच्या दिशेने मिळतो. त्यामुळे गोळीचे वजन, तिचा वेग व दारूचे वजन यांबरोबर प्रत्याघात वाढतो. रायफल जड असल्यास तो कमी होतो. दुर्बिणीसह ३·४ किग्रॅ. वजनाच्या रायफलीत प्रत्याघाताची ऊर्जा ठोकळ हिशेबाने पुढीलप्रमाणे येते : ०·२२३ रेमिंग्टन (३·६ ग्रॅ. गोळी) ५ जूल, ०·२४३ विंचेस्टर (६·५ ग्रॅ.) १३ जूल, ७ मिमी.-०८ रेमिंग्टन (९·१ ग्रॅ.) १८ जूल, ०·३०-०६ स्प्रिंगफील्ड (११·७ ग्रॅ.) २९ जूल.

प्रत्याघाताचा खरा परिणाम नेमावर होतो. धक्का व आवाज यांच्या भीतीने नवशिका चाप ओढतानाच डोळे मिटतो, खांदा पुढे रेटतो आणि गोळी भलतीकडे जाते. एकदा जडलेली ही दचकण्याची सवय मोडणे कठीण असते. हृदय वा फुप्फुस यांऐवजी पोटात किंवा पायात गोळी लागलेले जनावर निसटते व यातना भोगत मरते. मात्र काडतूस फारच दुर्बळ असल्यास नेम बरोबर लागूनही हीच आपत्ती ओढवू शकते. म्हणून अनेक ठिकाणी कायद्याने किमान मर्यादा घातली आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ च्या हरिणविषयक अधिनियमानुसार, काही लहान जाती वगळता, हरिणाच्या शिकारीसाठी किमान ०·२४० इंच अंतर्व्यास व नळीच्या तोंडाशी सु. २,३०५ जूल ऊर्जा आवश्यक असते. ०·२२३ काडतूस या कसोटीस उतरत नाही, ०·२४३ उतरते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मुलांच्या पहिल्या हरिण-रायफलीसाठी ०·२४३ विंचेस्टर दीर्घकाळ लोकप्रिय आहे. ०·३०८ विंचेस्टर काडतुसाच्या पुंगळीचे तोंड अरुंद करून ते बनविण्यात आले व १९५५ मध्ये बाजारात आले. पांढऱ्या शेपटीच्या हरिणासाठी मध्यम अंतरावर ते पुरेसे असते. पण एल्कसारख्या मोठ्या जनावराच्या बाबतीत चुकीला फारसा वाव राहत नाही. तेथे ६·५ मिमी. क्रीडमूर (२००७) किंवा ०·३०८ च्याच पुंगळीवर आधारलेले ७ मिमी.-०८ (१९८०) अधिक योग्य ठरते. या दोन्हींचा धक्का ०·२४३ हून जास्त, परंतु ०·३०-०६ हून बराच कमी असतो.

अंतर्व्यासाइतकेच महत्त्व रायफलीच्या वजनाला व मापाला आहे. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आखूड रायफली वाहण्यास सोप्या असल्या, तरी हलकेपणामुळे त्यांचा धक्का वाढतो. ०·२४३ चे तेच काडतूस २·७ किग्रॅ. वजनाच्या रायफलीतून उडविल्यास प्रत्याघात १३ वरून सु. १६ जूलांवर जातो. दस्ता प्रमाणाबाहेर लांब असल्यास तो खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर आदळतो. म्हणून दस्त्याची लांबी मुलाच्या हाताच्या मापाची असावी. दस्त्याच्या टोकावरील रबरी गादीमुळे धक्का सौम्य भासतो. नळीच्या तोंडाशी बसविलेले वायू वळविणारे साधन प्रत्याघात घटविते, पण नेमबाजाच्या कानांवर आदळणारा आवाज वाढविते. कानांचे संरक्षण तर प्रत्येक वेळी अनिवार्यच आहे. प्रौढांच्या देखरेखीखाली ०·२२ लाँग रायफल काडतुसावर दीर्घ सराव झाल्यावरच मोठ्या काडतुसाकडे वळणे इष्ट असते. कारण या छोट्या काडतुसाचा धक्का जवळजवळ जाणवतच नाही व चाप सावकाश ओढण्याची सवय अंगवळणी पडते.

भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांन्वये हौसेखातर वन्य प्राण्यांची शिकार करण्यास मनाई आहे. त्यामुळे येथे तरुण नेमबाजाच्या संदर्भात प्रत्याघाताचा विचार लक्ष्यवेधाच्या क्रीडेपुरताच उरतो.