हृदयाला ठिगळ लागेल काय?



मी कामगार चळवळीतला माणूस. वैद्यकाचे शिक्षण माझ्यापाशी नाही. तरी या विषयावर बोलायला उभा राहिलो त्याला कारण घडले. आमच्या युनियनमधील एका सहकाऱ्याने हृदयविकाराच्या झटक्यानंतर काजूची बाग गहाण टाकली आणि शहरात जाऊन मूळपेशींचे इंजेक्शन टोचून घेतले. हृदयाचा मेलेला स्नायू पुन्हा उगवेल, असे त्याला सांगण्यात आले होते. स्नायू उगवला नाही. बाग मात्र गेली. तेव्हापासून मिळेल ते वाचून आणि ओळखीच्या डॉक्टरांना विचारून मी हा विषय समजून घेतला.

घाटात दरड कोसळली की फोंड्याचा बाजार ओस पडतो. हृदयाचे तसेच आहे. त्याला रक्त पुरवणारी वाट बंद पडली की पलीकडचा स्नायू उपाशी मरतो. हाताची जखम भरून येते. पण हृदयाच्या स्नायुपेशी फार मंद बदलतात. पंचविशीत वर्षाला सुमारे शेकडा एक, म्हातारपणी त्याच्याही निम्म्याहून कमी. मेलेल्या जागी नुसता वण राहतो आणि सारा भार उरलेल्या हृदयावर पडतो.

मग दुसऱ्याचे हृदय बसवावे काय? तो प्रयत्न १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केला. डॉ. बार्नार्ड यांनी केपटाऊनला पहिले हृदयारोपण केले त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. परळचा रोगी काही तासांतच दगावला. माझे वडील त्या वेळी गिरणीत साचेवाले होते. पाळी सुटल्यावर नाक्यानाक्यावर हीच चर्चा होती, असे ते सांगत. भारतात असे रोपण यशस्वी झाले ते ३ ऑगस्ट १९९४ रोजी, दिल्लीत. मधल्या २६ वर्षांत परके इंद्रिय शरीराने नाकारू नये यासाठी औषधे आली, अवयवदानाचा कायदा झाला.

तरीही दुसऱ्याच्या मरणावाचून ते हृदय मिळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ पेशींपासूनच हृदयाचे ठिगळ विणू पाहत आहेत. जपानच्या यामानाका यांनी २००७ साली माणसाच्या त्वचेतील पेशी मूळपेशीसारख्या अवस्थेला नेल्या. त्यांच्यापासून धडधडणाऱ्या हृदयपेशी घडवता येतात. साचेवाल्याचा मुलगा म्हणून मला ते असे कळले: आधाराचा सांगाडा म्हणजे उभे धागे आणि पेशी म्हणजे आडवे.

अडचण रक्ताची आहे. जिवंत पेशीला मिलिमीटरच्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या आत रक्तवाहिनी लागते. त्यामुळे पातळ पापुद्रा जगतो, जाड गठ्ठा आतून मरतो. जानेवारी २०२० मध्ये ओसाकाच्या शल्यवैद्यांनी रोग्याच्या हृदयावर बसवले ते असे पापुद्रेच. तेल अवीवमध्ये २०१९ साली यंत्राने छापलेले हृदय सशाच्या हृदयाएवढे होते, आणि त्याला रक्त खेळवता येत नव्हते.

वाट खरी आहे, पण घाट अजून चढायचा आहे. आपल्या देशाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, रक्ताच्या ठरावीक आजारांवरील रोपण सोडले तर मूळपेशींचा वापर मंजूर प्रयोगातच व्हावा, आणि प्रयोगासाठी रोग्याकडून पैसे घेऊ नयेत. तेव्हा कोणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. परळचा प्रयत्न फसला, पण तो उघडपणे झाला आणि पुढच्या शल्यवैद्यांना त्यातून शिकता आले. माझ्या सहकाऱ्याची बाग गेली, त्यातून कोणीच काही शिकले नाही.

मेलेला स्नायू उगवणे आज आपल्या हाती नाही. जिवंत स्नायू वाचवणे आहे. छातीत कळ आली तर सकाळची वाट पाहू नका. वाहन मिळेल तसे रुग्णालय गाठा. बंद वाट जितक्या लवकर उघडेल, तितके हृदय वाचेल.