बहुमताचा निवाडा सभागृहातच : बोम्मई खटल्याने काय बदलले?

बंगळुरूच्या वेशीवर, होसूर मार्गालगत बोम्मसंद्रा हे औद्योगिक नगर वसले आहे. येथील मतदार आनेकल मतदारसंघातून आपला प्रतिनिधी कर्नाटक विधानसभेत पाठवितात. अशा निवडून आलेल्या सदस्यांच्या बहुमतावर राज्याचे सरकार उभे असते. परंतु ते बहुमत संपले, असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? राज्यपालांचा, केंद्र सरकारचा, न्यायालयाचा की खुद्द विधानसभेचा? या प्रश्नाचे उत्तर देशाला मिळाले, ते बंगळुरूतच १९८९ साली घडलेल्या एका घटनेमुळे.

चार दिवसांतील घडामोडी

रामकृष्ण हेगडे यांच्या राजीनाम्यानंतर ऑगस्ट १९८८ मध्ये एस. आर. बोम्मई कर्नाटकचे मुख्यमंत्री झाले. १५ एप्रिल १९८९ रोजी त्यांनी मंत्रिमंडळाचा विस्तार केला. त्यानंतर दोनच दिवसांनी सत्तारूढ जनता दलाच्या एका आमदाराने पक्षत्याग करून राज्यपाल पी. वेंकटसुब्बय्या यांच्याकडे १९ पत्रे सादर केली. सरकारचा पाठिंबा काढून घेत असल्याची ही पत्रे आमदारांच्या सहीची असल्याचे सांगण्यात आले. १९ एप्रिलला राज्यपालांनी राष्ट्रपतींना अहवाल पाठविला.

दुसऱ्या दिवशी चित्र पालटले. त्या १९ पैकी सात आमदारांनी, आपल्या सह्या दिशाभूल करून घेण्यात आल्याचे राज्यपालांना कळविले आणि सरकारला असलेला पाठिंबा पुन्हा व्यक्त केला. विधानसभेचे अधिवेशन बोलावून बहुमत सिद्ध करण्याची तयारीही बोम्मई यांनी दर्शविली. तरीही राज्यपालांनी सरकारने बहुमत गमावल्याचा दुसरा अहवाल पाठविला आणि २१ एप्रिल रोजी कर्नाटकात राष्ट्रपती राजवट लागू झाली. सभागृहात मतदान झालेच नाही.

कलम ३५६ आणि त्याचा वापर

राज्याचा कारभार घटनेनुसार चालविणे अशक्य झाल्याची राष्ट्रपतींची खात्री पटल्यास, कलम ३५६ अन्वये राज्याची सूत्रे केंद्राकडे घेता येतात. राष्ट्रपती हा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने घेतात. हे कलम मृतवत राहील, अशी आशा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घटना समितीत व्यक्त केली होती. प्रत्यक्षात त्याचा वापर शंभराहून अधिक वेळा झाला.

१९७७ मध्ये केंद्रात जनता पक्ष सत्तेवर येताच नऊ राज्यांतील काँग्रेस सरकारे बरखास्त झाली. १९८० मध्ये काँग्रेस परतली आणि पुन्हा नऊ राज्यांतील विरोधी सरकारांची तीच गत झाली. महाराष्ट्रातील शरद पवार यांचे पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार १७ फेब्रुवारी १९८० रोजी गेले, ते याच लाटेत. १९७५ च्या ३८ व्या घटनादुरुस्तीने तर राष्ट्रपतींच्या अशा निर्णयाला न्यायालयात आव्हान देण्याचा मार्गच बंद केला होता. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो पुन्हा मोकळा केला.

नऊ न्यायमूर्तींचा निकाल

कर्नाटक उच्च न्यायालयाने बोम्मई यांची याचिका फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नागालँड, मेघालय, मध्य प्रदेश, राजस्थान व हिमाचल प्रदेश या राज्यांतील प्रकरणांसह त्यावर नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे सुनावणी झाली. ११ मार्च १९९४ रोजी निकाल लागला. त्यातील एक प्रमुख निकालपत्र मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिले होते.

निकालाचे सार चार मुद्द्यांत सांगता येईल. पहिला, सरकारच्या बहुमताची कसोटी राजभवनात नव्हे, तर सभागृहात लागली पाहिजे. कारण मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते. दुसरा, मंत्रिमंडळाने राष्ट्रपतींना कोणता सल्ला दिला, याची चौकशी न्यायालय करणार नाही. परंतु तो निर्णय कोणत्या माहितीच्या आधारे घेतला, हे तपासू शकेल. तिसरा, संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करता येणार नाही. चौथा, घोषणा अवैध ठरल्यास न्यायालय पूर्वीचे सरकार व विधानसभा पुन्हा प्रस्थापित करू शकेल.

कर्नाटक, मेघालय व नागालँड येथील राष्ट्रपती राजवट घटनाबाह्य ठरली. बाबरी मशीद पाडल्यानंतर मध्य प्रदेश, राजस्थान व हिमाचल प्रदेशात लागू झालेली राजवट मात्र वैध ठरली. धर्मनिरपेक्षता हे घटनेच्या मूलभूत चौकटीचे अंग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले.

बोम्मई यांना मात्र या विजयाचा प्रत्यक्ष लाभ झाला नाही. कर्नाटकात १९८९ च्या अखेरीसच निवडणूक होऊन नवे सरकार आले होते. न्याय मिळाला, पण पाच वर्षांनी.

विलंबाकडून तातडीकडे

या निकालाचा धाक पुढे दिसून आला. उत्तर प्रदेशातील सरकार बरखास्त करण्याची केंद्राची शिफारस राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये फेरविचारार्थ परत पाठविली. २०१६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील पूर्वीचे सरकार सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा प्रस्थापित केले.

मे २०१८ मध्ये कर्नाटकात बी. एस. येडियुरप्पा यांना बहुमत सिद्ध करण्यासाठी राज्यपालांनी १५ दिवस दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी मतदान घेण्याचा आदेश दिला आणि मतदानापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातही दुसऱ्याच दिवशी बहुमत चाचणी घेण्याचा आदेश निघाला आणि देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी पद सोडले.

न सुटलेला प्रश्न

सभागृहातील चाचणी हा राज्यपालांच्या मनमानीवरचा उपाय म्हणून पुढे आला. परंतु ही चाचणी केव्हा घ्यायची, हे सांगण्याचा अधिकारही राज्यपालांकडे असतो. जून २०२२ मध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी उद्धव ठाकरे यांना बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. न्यायालयाने स्थगिती नाकारताच ठाकरे यांनी चाचणीपूर्वीच राजीनामा दिला. ११ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, चाचणी बोलावण्यासाठी राज्यपालांजवळ पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नव्हता, असे एकमताने नमूद केले. मात्र ठाकरे चाचणीला सामोरे गेले नसल्याने त्यांचे सरकार परत आणता येणार नाही, असेही सांगितले.

राज्यपाल, मंत्रिमंडळ, विधिमंडळ आणि न्यायालय यांनी एकमेकांवर अंकुश ठेवावा, अशी घटनेची योजना आहे. बंगळुरूत विधानसौध आणि उच्च न्यायालय या वास्तू समोरासमोर उभ्या आहेत. १९८९ मध्ये अपुरा पडलेला अंकुश होता, तो वेळेचा. सभागृह भरण्यापूर्वीच सरकार गेले आणि न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत मतदारांनी नवी विधानसभा निवडली होती. मतदाराने दिलेल्या कौलाचे संरक्षण व्हायचे, तर हा अंकुश योग्य आणि वेळेवर लागला पाहिजे, हाच बोम्मई प्रकरणाचा धडा आहे.